घाटाआधीची झोप

गणपतीला गावी जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता आमच्या चाळीचा आवाज बंद व्हायचा. रेडिओ बंद, पोरांचं ओरडणं बंद. नळाखाली कळशी ठेवायची तर आत आधी फडकं टाकायचं, म्हणजे धार वाजत नाही. पंपाचा स्टोव्ह सहानंतर कोणी पेटवायचा नाही. कोणाला भांडायचंच असेल तर त्याने खाली रस्त्यावर जाऊन भांडायचं. हे सगळं कशासाठी, तर सात नंबरच्या खोलीत आमच्या गाडीचा ड्रायव्हर झोपलेला असायचा.

सात नंबर ही विश्राम घाडीची खोली. आठ नंबर आमचा. मधली भिंत एका विटेची, त्यामुळे त्याचं खोकणं मला आणि माझं बोलणं त्याला ऐकू यायचं. घाटकोपरच्या भटवाडीत डोंगराला धरून वर गेलेल्या या चाळीत बहुतेक सगळे कणकवलीच्या बाजूचे. पुरुष गिरणीत होते. गिरण्या बंद पडल्या तसे कोणी वॉचमन झाले, कोणी भाजीची गाडी लावली. पण गणपतीला गावी जायचं ते जायचंच. कोकणात तेव्हा रेल्वे नव्हती. एसटीचं रिझर्वेशन मिळायचं नाही. म्हणून चाळीची एक गाडी ठरवायची, आणि ती विश्रामने ठरवायची, असा रिवाज पडला होता. पोरं त्याला घाडीमामा म्हणत.

माणूस बुटका, मान जाड. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. पूर्वी तो स्वतः खाजगी बसवर ड्रायव्हर होता आणि आमची गाडीही तोच न्यायचा. मग एका वर्षी गणपतीहून आला आणि म्हणाला, "डोळे अधू झाले." गाडी सोडली ती सोडलीच. एका गॅरेजात गाड्या धुवायच्या कामाला लागला. चाळीने "अरेरे" म्हटलं आणि विषय संपला. माझ्या सुईत दोरा मात्र तोच ओवून द्यायचा, दिवेलागणीला, दारात उभा राहून, चष्मा न लावता. हे दोन्ही एकत्र कसं, असा विचार माझ्या डोक्यात कधी आला नाही. मी चौथी शिकलेली बाई. पण चाळीत मॅट्रिक झालेले होते, त्यांच्याही तेव्हा आला नाही.

त्याची एक सवय मला विचित्र वाटायची. त्याच्यासमोर कोणी जांभई दिली की तो उठून जायचा. बोलणं अर्धं टाकून जायचा. आमचे हे रात्रपाळी करून आलेले, ते तर दिवसभर जांभया देत. त्यामुळे दोघांचं कधी धड बोलणं झालं नाही.

श्रावण लागला की विश्रामला गाडीचं वेड लागायचं. तीन-तीन मालकांकडे जाऊन गाड्या बघून यायचा. टायरवर लाथ मारून आवाज ऐकायचा. ब्रेक स्वतः खाली शिरून बघायचा. पण सगळ्यात जास्त चौकशी ड्रायव्हरची. किती वर्षं चालवतो, दारू पितो का, घरी तान्हं मूल आहे का. तान्हं मूल असलं तर तो ड्रायव्हर नको. का, तर पोर रात्री रडतं. मालक हसायचे. एक तर म्हणाला, "मामा, मुलगी द्यायची आहे काय त्याला?"

विश्राम म्हणाला, "बेचाळीस माणसं देतंय मी त्येका. मुलगी तरी एकच असता."

त्याचे नियम ठरलेले. रात्रीची गाडी नाही. पहाटे चारला सुटायचं, म्हणजे काशेडीचा घाट उजेडात लागतो. लोक कुरकुर करायचे, कारण रात्री निघालं तर कामावरची एक रजा वाचते. तो म्हणायचा, "गाडी लवकर पोचली म्हणून गणपती लवकर येवचो नाय." आदल्या दिवशी दुपारी ड्रायव्हरला चाळीत आणायचं, अंघोळ घालायची, पेज आणि भाजलेला पापड, बस्स. सहाला झोपवायचं. दारावर पाटी टांगायची, पोराच्या शाळेची असते तसली, तिच्यावर खडूने लिहिलेलं, "ड्रायव्हर झोपला आहे." आणि विश्राम स्वतः खाली रस्त्यावर गाडीत झोपायचा. कोणी टपावर काय चढवेल याचा त्याला भरवसा नव्हता.

भरवसा नव्हता ते बरोबरच होतं. एका वर्षी परबाच्या म्हातारीने रॉकेलचा डबा गोधडीत गुंडाळून सीटखाली ढकलला होता. गावी रॉकेल मिळत नाही, तिचाही नाइलाज. विश्राम गाडीत चढला, नाक वर केलं, आणि कुत्र्यासारखा वास घेत थेट तिच्या सीटपाशी गेला.

"काकी, ह्या काय?"

"गोधडी."

"गोधडीक रॉकेलाचो वास?"

"पोरान मुतल्यान तिच्यार."

"तुमचा पोर रॉकेल मुतता?"

सगळी गाडी हसली. विश्राम हसला नाही. त्याने डबा खाली नेला, पानवाल्याकडे ठेवला, आणि परत येऊन एकेका सीटखाली हात घालून बघितलं. तो जवळून गेला तेव्हा मी त्याचं तोंड बघितलं. हसण्यासारखं आहे ते त्याला दिसतच नव्हतं. त्याला फक्त पेटलेली गाडी दिसत होती.

दुसरी गोष्ट चिठ्ठ्यांची. त्याने प्रत्येक पोरासाठी एक कागद लिहिला. नाव, बापाचं नाव, गाव, वाडी. प्लास्टिकच्या तुकड्यात घालून सेफ्टी पिनने फ्रॉकला किंवा सदऱ्याला आतून लावायचा. पहिल्या वर्षी बायकांना वाटलं, पोर हरवलं तर सापडावं म्हणून. माझी मुलगी नंदा तेव्हा लग्न ठरलेली, तोंडाने फटकळ. तिने विचारलं, "मामा, तान्ह्या पोराला कशाला? ते काय चालत जाऊन हरवणार आहे?"

विश्राम पुढच्या पोराला पिन लावत राहिला.

"की मेल्यावर ओळखायला?"

"होय," तो म्हणाला.

तिची हवाच गेली. तिने कागद घेतला आणि निमूट लावत गेली. त्या वर्षी वाटेत पोरांना मांडीवर घेतलं की हाताला ती पिन लागायची आणि प्रत्येक बाई खिडकीबाहेर बघायची. मला त्याचा राग आला होता. सणाला चाललोय की सरणावर, असं मी त्याला तोंडावर म्हटलं. तो म्हणाला, "घाट कोणाचो मामा नाय, वैनी."

गाडी चालू झाली की तो बसायचा नाही. ड्रायव्हरच्या बाजूचा दांडा धरून उभा. चौदा तास. रस्त्याकडे बघायचा नाही, ड्रायव्हरच्या पापण्यांकडे बघायचा. पापणी जड झाली असं वाटलं की म्हणायचा, "थांबव." मग सगळ्यांनी उतरायचं, ड्रायव्हरने तोंड धुवायचं, मुंडकी मोजायची, परत चढायचं. एखादा ड्रायव्हर वैतागायचा. आम्हीही वैतागायचो.

आता त्या वर्षाचं सांगते. नंदाचं लग्न होऊन तिला मुलगा झालेला, तीन महिन्यांचा. जावयाच्या घरचा गणपती आमच्याच शेजारच्या वाडीत, म्हणून ती पोराला घेऊन आमच्याच गाडीने येणार होती. ड्रायव्हर मारुती नावाचा, कराडकडचा. मोठा नम्र माणूस. आल्या-आल्या बायकांना "आई", "मावशी" सुरू. विश्रामने त्याला पेज दिली. मी दारातून बघत होते. एवढा उंचापुरा माणूस, परक्या गावचा, आपल्याला आपल्या घरी पोचवणार, आणि त्याच्यासमोर वाडगाभर पेज. आमच्याकडे दारात आलेल्या भिकाऱ्यालासुद्धा असं वाढत नाहीत. मला लाज वाटली.

विश्राम गाडीत झोपायला खाली गेला. मी शिरवाळे केले होते. वाफवलेल्या शेवया आणि गूळ घातलेला नारळाचा रस. सात नंबरला मागे गल्लीत खिडकी होती. मी तिच्यातून भरलेली थाळी आत दिली. हळूच म्हटलं, "खा रे बाबा. मामाला सांगू नकोस."

"आई, पेज झाली की."

"पेज म्हणजे काय जेवण?"

खाल्लं त्याने. परत मागितलं नाही, पण मी दिलं.

सहापासून चाळ चिडीचूप होती. आणि नंतर मला आवाज आला. टमरेलाचा. सात नंबरचं दार, पावलं, टमरेल, मागच्या संडासाचं दार. थोड्या वेळाने परत. मग परत. एरवी चाळीत एवढा गोंगाट की कोण कुठे गेलं कळत नाही. पण त्या रात्री विश्रामच्या नियमाने सगळे गप्प, त्यामुळे एकेक पाऊल मोजता येत होतं. मी अंथरुणात बसून मोजलं. नंदा कुजबुजली, "आई, हा झोपत नाहीये गं." मी म्हटलं, "झोप तू." खाली जाऊन विश्रामला सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे शिरवाळे सांगावे लागले असते.

पहाटे चारला सगळे गाडीपाशी. पाऊस भुरभुरत होता. ट्रंका, पिशव्या, झोपेतली पोरं. विश्रामने नेहमीप्रमाणे ड्रायव्हरला दिव्याखाली उभं केलं आणि बॅटरीचा उजेड डोळ्यांवर मारला.

"झोपलंस?"

"झोपलो की."

"किती वेळा उठलंस?"

मारुतीने आमच्याकडे बघितलं. चांगला माणूस होता, कोणाचं नाव घेणार नव्हता. "दोन-तीन येळा."

विश्रामने बॅटरी बंद केली. "गाडी सुटायची नाय."

जो आरडाओरडा झाला तो झाला. बाळा परब, त्या म्हातारीचा मुलगा, चाळीत सगळ्यात मोठ्या आवाजाचा. तो पुढे आला. "मामा, डोकं फिरलं काय? परवा चतुर्थी आहे. त्याला कडक चाय पाज, झकास होईल."

मारुती म्हणाला, "मी नेतो की. सवय हाय मला."

"चावी दे," विश्राम म्हणाला, आणि मारुतीच्या हातातून चावी काढून घेतली. मूठ मागे धरून तो गाडीच्या पायरीवर बसला. लोक त्याच्या अंगावर वाकलेले. कोणीतरी त्याच्या खांद्याला धरून हलवलं. बाळा ओरडला, "मग तूच चालव ना! लायसन आहे ना तुझ्याकडे? चालव! डोळे अधू म्हणे. सगळ्या चाळीच्या सुया ओवतोस!"

मी नंदाच्या पोराला घेऊन उभी होते. पोराच्या सदऱ्यातली पिन माझ्या हाताला टोचत होती. पिन खरी सदऱ्याच्या आतून होती, पण मी पोराला इतकं आवळून धरलं होतं. मला बोलायचं होतं आणि तोंड उघडत नव्हतं. गाडी निघाली असती तर मी चढले असते, हेही खरं. चाळीपुढे लाज जाण्यापेक्षा पोराला घेऊन घाटात शिरणं मला सोपं वाटत होतं. आता हे लिहिताना मला माझीच भीती वाटते.

विश्राम म्हणाला, "डोळे चांगले आसत."

"मग?"

"शेवटच्या वर्षी मी गाडी नेली. रात्रीची. आठवता? पोलादपूर सोडलं ता माका आठवता. मगे एकदम खेडचे दिवे. मधलो घाट माका आठवत नाय."

"आठवत नाय म्हणजे?"

"झोपलंय होतंय मी."

"आणि गाडी?"

"गाडी चालत होती."

"चालवत कोण होतं?"

"ताच तर माका ठाऊक नाय, बाळा. दहा वर्सां झाली. रोज इचार करतंय."

पावसाचे थेंब ट्रंकांच्या पत्र्यावर वाजत होते. परबाची म्हातारी हळूहळू पुढे आली.

"त्या गाडयेत आमी होतंव?"

"होतास, काकी. तुमी सगळे होतास. वैनी होती. नंदा होती, तिच्या मांडयेर निजलेली."

"आणि उतरताना मी तुका नारळ दिलंय."

"दिलास."

"खाल्लंस?"

"नाय. व्हाळाच्या पाण्यात टाकलंय."

म्हातारी मागे सरली. तिने नातवाला जवळ ओढलं. सगळ्याच बायकांनी तेच केलं, मीही. आणि आम्ही सगळ्या त्याच्याकडे बघत होतो, मारुतीकडे नाही.

तेव्हा मी म्हटलं, "रात्री त्याला शिरवाळे मी दिले. दोन थाळ्या."

माझ्या मागून कोणीतरी म्हणालं, "मी काळ्या वाटाण्याची उसळ दिली. आंबोळ्या पण." मग दुसरी, "घावणे." मग परबाची म्हातारी, "करंज्ये. चारच." चार घरांनी मागच्या खिडकीतून जेवू घातलं होतं, आणि चारी घरांनी रात्रभर टमरेल ऐकलं होतं. मारुती मान खाली घालून म्हणाला, "नको म्हणलं तर राग येतो मान्सांना."

एरवी यावर चाळ आठवडाभर हसली असती. कोणी हसलं नाही. विश्राम उठला, मारुतीला दंडाला धरून वर घेऊन गेला, ओव्याची पूड दिली आणि झोपवला. आम्ही बेचाळीस माणसं चाळीच्या जिन्यावर आणि पानवाल्याच्या फळीखाली ट्रंकांवर बसून राहिलो. बाळा परबसुद्धा. पोरं रडली की त्यांच्या तोंडावर हात.

साडेअकराला गाडी सुटली. अंधार पडायच्या आत घाटाच्या पायथ्याचं पोलादपूर आलं आणि विश्रामने तिथेच थांबवली. एका शाळेच्या पडवीत रात्र काढली. सकाळी घाट.

मी तो घाट तोवर पंचवीसेक वेळा केला असेल. पदर तोंडावर घेऊन झोपत करायची. त्या दिवशी डोळे मिटता येईनात. दरीत धुकं भरलेलं, खालच्या झाडांचे शेंडे खिडकीच्या बरोबरीला. गाडी वळली की मागचं चाक रस्त्यावर आहे की नाही कळत नव्हतं. प्रत्येक वळणावर मला वाटायचं, इथे का? इथे झोपला होता का हा? की पुढच्या? कठडा तुटलेला दिसला की मी पुढची सीट घट्ट धरायची. दहा वर्षांपूर्वीची नंदा माझ्या मांडीवर झोपलेली आणि पुढे बसलेला माणूसही झोपलेला, आणि गाडी आपली वळतेय, वळतेय. त्याचा विचार करून माझे दात वाजायला लागले. आणि विश्राम दांडा धरून उभा. त्याचा सदरा पाठीला चिकटलेला, ओला. मारुतीच्या पापण्यांवरून नजर हलली नाही.

पोचलो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी. सगळे उतरले आणि आपापल्या वाटेला लागले. विश्रामशी कोणी बोललं नाही. मीही नाही. त्याने वाचवलं असं तेव्हा कोणाच्या मनात नव्हतं. त्याने मारलं असतं, एवढंच होतं.

पुढच्या वर्षी गाडी बाळा परबाने ठरवली. श्रावणात विश्राम नेहमीसारखा टायरांचं बोलायला लागला, तर बाळा जिन्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, "झोपलेल्याने आम्हाला झोप शिकवू नये." विश्राम आत गेला. भिंतीपलीकडून मला काही ऐकू आलं नाही, खोकलासुद्धा. आम्ही बाळाकडेच नाव दिलं. रात्रीची गाडी, ह्यांची एक रजा वाचत होती. खोटं कशाला बोलू?

ती गाडी सुटताना मी विश्रामला शेवटचं पाहिलं. गणपती करून आलो तर सात नंबरला कुलूप. चारकोपला पुतण्याला घर मिळालं होतं, त्याने नेला म्हणे. तिकडेच वारला दोन वर्षांनी. मला महिन्याने कळलं.

शेवटचं पाहिलं त्या संध्याकाळी सातला गाडी निघायची होती. विश्राम खाली आला. धुतलेला पांढरा सदरा, हातात पिशवी नाही. गाडीभोवती एक फेरी मारली. बाळा म्हणाला, "मामा, बघून झालंय सगळं." तो ड्रायव्हरच्या दाराशी गेला. ड्रायव्हर नवा पोरगा, कानात अत्तराचा बोळा.

"झोपलंस?"

"टाकलं ना अंग गाडीतच. दोन तास." पोरगा हसला.

विश्राम माझ्या खिडकीशी आला. वर्षभर आम्ही बोललो नव्हतो. म्हणाला, "वैनी, फुडच्या सीटार बस. त्येच्याशी बोलत रव. गप रवा नको."

मी उठले, नंदाचं पोर तिच्याकडे दिलं आणि पुढे जाऊन बसले. तिथून बाजूच्या आरशात मागचं दिसत होतं. गल्लीत गर्दी, गाडी माणसाच्या चालीने चाललेली. विश्राम मागून चालत होता, टपावर चढायच्या शिडीवर हात ठेवून, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. मोठा रस्ता आला, ड्रायव्हरने गिअर टाकला आणि शिडी त्याच्या हाताखालून निघून गेली. तो तिथेच उभा राहिला. हात खाली घ्यायचं त्याला सुचलं नाही.

ड्रायव्हरने जांभई दिली.

मी पुढे सरकून बसले आणि त्याला विचारलं, "गाव खंयचो रे तुझो, बाबा?"